चौदा अक्षरांचं कुलूप

माझ्या वडिलांचा पासवर्ड अख्ख्या मुलुंडच्या भिंतींवर टांगलेला होता. हे मी गमतीने म्हणत नाही. आई दर संकष्टीला उपास करायची आणि कॅलेंडरात छापलेली चंद्रोदयाची वेळ बघून तो सोडायची. प्रत्यक्ष चंद्र बघून सोडायची सोय नव्हती, कारण समोर टॉवर उभा राहिल्यापासून चंद्र आमच्या खिडकीत अर्धा तास उशिरा यायचा आणि तोवर तिचं डोकं ठणकायला लागायचं. तर आई त्या छापील वेळेला उपास सोडायची आणि बाबा त्याच वेळेवरून कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलायचे. इंग्रजी अक्षरांत ‘चंद्रोदय’ आणि पुढे त्या महिन्याची वेळ. नऊ बेचाळीस तर नऊ बेचाळीस. पासवर्ड दर महिन्याला बदलावा, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं, आणि महिन्यातून एकदा हटकून येणारी, घरात कोणी विसरूच देत नाही अशी एकच गोष्ट त्यांच्याकडे होती.

हे मला कळलं तेव्हा मी चिडलो. पवईच्या एका कंपनीत मी तेव्हा माहिती-सुरक्षेचं काम बघायचो. काम बघायचो म्हणजे काय, तर शिकल्यासवरल्या माणसांना दर तीन महिन्यांनी एसी हॉलमध्ये कोंबून सांगायचो, की कुत्र्याचं नाव पासवर्ड म्हणून ठेवू नका. ते माना डोलवायचे, सामोसे खायचे आणि जागेवर जाऊन कुत्र्याच्या नावापुढे एक-दोन-तीन लावायचे. या कामात माणसांवरचा विश्वास उडतो. माझाही उडाला आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. माणसं मूर्ख आहेत हे ज्याला रोज पुराव्यानिशी दिसतं, त्याला आपण शहाणे आहोत असं वाटायला लागतं. मला तर त्याचाच पगार मिळत होता.

आणि पुरावे काय कमी होते? अंधेरीला मी राहतो त्या सोसायटीच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच चिकटपट्टीने पासवर्ड लावलेला आहे. वर सेक्रेटरींनी पेनाने लिहिलंय, ‘कृपया कोणास सांगू नये’. माझी बायको फोन उघडायला बोटाने जी आकृती काढते, तिची चिकट रेघ काचेवर उठून दिसते. चेंबूरच्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, सरकारी नोकरीत साहेब म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळे पासवर्ड टेलिफोनच्या जुन्या डायरीत लिहून ठेवलेत. कुठे, तर ‘प’ खाली. पायपुसण्याखाली किल्ली ठेवायची आणि कुलूप किती भारी आहे ते शेजाऱ्याला दाखवायचं, अशी ही जमात. कोणाच्या घरी गेलो की मी आधी भिंतीवर, फ्रिजवर आणि कीबोर्डच्या खाली बघायचो, आणि बहुतेक वेळा मला हवं ते सापडायचं.

बाबा या जमातीतले होते हे मला आधीपासून माहीत होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या नोंदी ठेवल्या. आधी गिरणीत टाइमकीपर, गिरणी गेल्यावर मुलुंडच्या एका औषध कंपनीत स्टोअरचं रजिस्टर. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना कॉम्प्युटरचा नाद लागला. मी माझा जुना कॉम्प्युटर त्यांना दिला आणि एक प्रिंटर आणून दिला, ज्याच्यात फोटो स्कॅनही व्हायचे. एका बोटाने टाइप करत ते रोज दुपारी दोन ते चार ड्युटीवर बसल्यासारखे बसायचे. त्यांनी गावच्या घराचे, लालबागच्या खोलीचे, लग्नामुंजीचे सगळे फोटो आत घातले. प्रत्येकाला क्रमांक दिला.

त्यातला एक फोटो बाकीच्यांसारखा नव्हता. माझ्याआधी आईबाबांना एक मुलगी झाली होती. सात महिन्यांची होऊन गेली. घरात तिला ‘बाळी’ म्हणायचे, बारशाचं नाव कोणी तोंडावर आणायचं नाही. तिचा एकच फोटो काढला गेला होता, लालबागच्या एका स्टुडिओत, मखमली कापडावर पालथी घालून. त्या काळी सगळ्याच पोरांचे तसे फोटो काढायचे. मान वर, डोळे वटारलेले, पोर कोणाचंही असो. माझाही तसाच काढलाय, त्याच स्टुडिओत, बहुधा त्याच मखमलीवर. आई तो फोटो असलेला अल्बम वर्षातून एकदोनदा काढायची, त्या पानावर थोडा वेळ थांबायची आणि मिटून ठेवायची. मी त्या पानाकडे कधी नीट बघितलं नाही.

पुढे अल्बमला कसर लागली. पानं एकमेकांना चिकटली, फोटोंचे पापुद्रे निघायला लागले. बाबांनी जपून, ओल्या कापसाने सोडवून सगळे फोटो स्कॅन केले. स्कॅन झाल्यावर मी एका रविवारी तो अल्बम उचलला आणि सुक्या कचऱ्यात टाकून दिला. आई म्हणाली, “राहू दे की रे.” मी म्हणालो, “आई, आता सगळं आत आहे. हे घरात ठेवलंस तर कपड्यांना कसर लागेल.” बाबांनी माझीच बाजू घेतली. आत आहे म्हटल्यावर आत आहे, असा त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

त्याच सुमाराला बाबांना बाळीचा फोटो मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवायचा होता. मावशीने बाळीला मांडीवर खेळवलं होतं. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. “लहान मुलांचे फोटो असे पाठवत जाऊ नका, कुठे जातील कळायचं नाही,” असं मी त्यांना सांगितलं. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी गेलेल्या पोरीच्या फोटोचं कोण काय करणार होतं, हे त्यांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं असतं.

मग तो रविवार आला. मावशी आणि काका मुलुंडला जेवायला आले होते. जेवणं झाल्यावर काकांनी आपल्या डायरीचा विषय काढला आणि बाबांनी, कौतुकाने, आपली संकष्टीची युक्ती सांगितली. लिहून ठेवायचं नाही, पाठ करायचं नाही, विसरलं तर कॅलेंडर बघायचं. काका म्हणाले, “वा, झकास आहे!” आणि मला सहन झालं नाही.

“बाबा,” मी म्हणालो, “तुमचा पासवर्ड अख्ख्या मुलुंडच्या भिंतींवर टांगलाय. कळतंय का तुम्हाला?”

“अरे, पण कोणाला माहीत आहे ते?”

“आता आम्हा चौघांना माहीत आहे. उद्या काका चेंबूरला सांगतील.”

काका हसले. “म्हणजे चोराला पण आता संकष्टी करावी लागणार!” सगळे हसले, बाबाही हसले. त्यांना वाटलं विषय संपला. मी संपवला नाही. मी सांगितलं, की असल्या अडाणीपणामुळेच माणसं लुबाडली जातात. त्यापेक्षा दाराला कुलूपच लावू नका, निदान चोराचे कष्ट तरी वाचतील. अडाणी हा शब्द मी वापरला. ज्या माणसाने गिरणीतल्या शेकडो कामगारांच्या हजेऱ्या कधी चुकवल्या नाहीत, त्याला मी त्याच्या मेव्हणीसमोर अडाणी म्हणालो. बाबांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्याला आता काही कारण उरलं नव्हतं.

मी तिथल्या तिथे कामाला लागलो. नुसता पासवर्ड हे कुलूपच नव्हे, हे मला चांगलं माहीत होतं. म्हणून मी आतली सगळी डिस्कच कुलूपबंद केली. एन्क्रिप्शन म्हणतात त्याला. आतलं सगळं लिखाण, सगळे फोटो असे कालवून टाकायचे, की योग्य पासवर्ड दिल्याशिवाय ते कोणालाच वाचता येऊ नयेत. मग नव्या पासवर्डचे नियम सांगितले. किमान चौदा अक्षरं. मोठी, छोटी, आकडे, एखादं चिन्ह. नाव नाही, जन्मतारीख नाही, कॅलेंडरातलं काही नाही.

“देवाचं नावपण नको?” बाबांनी विचारलं.

“देव सगळ्यांना माहीत असतो, बाबा.”

“आणि लिहून कुठे ठेवू?”

“कुठेच नाही. कोणाला सांगायचं नाही. आईला नाही. मलासुद्धा नाही.”

मी नियमाप्रमाणे त्यांच्याकडे पाठ करून खिडकीत उभा राहिलो. मागे एका बोटाने टकटक सुरू झाली. मध्ये बराच वेळ थांबून पुन्हा टकटक. मी मोजत होतो. चौदा झाल्यावर म्हणालो, “शाब्बास.” सत्त्याहत्तर वर्षांच्या बापाला मुलगा शाब्बास म्हणतो, आणि आई आतून पानाचा डबा घेऊन येते. काकांनी सुपारी कातरली आणि मंडळी गावच्या जत्रेच्या गप्पांना लागली.

अशा कुलपाला एक जास्तीची किल्ली असते. पासवर्ड हरवलाच तर वापरायला अठ्ठेचाळीस आकडे मिळतात. ते कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, असं मी माझ्या व्याख्यानात सांगायचो. आईच्या तिजोरीत म्हणजे तांदळाच्या डब्यामागच्या स्टीलच्या डब्यात ते ठेवणं मला कमीपणाचं वाटलं. मी ते आकडे माझ्या ऑफिसच्या खात्यात साठवून ठेवले. जगातली सगळ्यात सुरक्षित जागा, कारण तिची व्यवस्था मीच लावली होती.

पुढचं वर्षभर मी मुलुंडला गेलो की कॉम्प्युटरवर आईने विणलेलं आच्छादन दिसायचं. बाबा खुर्चीत पेपर वाचत बसलेले असायचे. मी मनात म्हणायचो, झालं, नाद उतरला. म्हाताऱ्यांचं असंच असतं, चार दिवस कौतुक आणि मग कापड. एकदा त्यांनी मला जेवताना विचारलं, “पासवर्ड विसरला तर माणसं काय करतात रे?” मी म्हणालो, “माणसं विसरत नाहीत, बाबा. ज्यांना गरज असते ती विसरत नाहीत.” त्यांनी आमटी वाढून घेतली.

त्या पौषात बाबा गेले. सकाळी चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता गेले. त्याआधी दोन महिने माझी नोकरी गेली होती. मला काढलं, असं अर्थात कोणी म्हणत नाही. कंपनीची पुनर्रचना झाली म्हणतात. मी घरी बसून इतर कंपन्यांना सल्ले द्यायला लागलो होतो आणि बाबांच्या दिवसकार्याच्या धांदलीत तो कॉम्प्युटर कोणाच्या लक्षातही नव्हता.

लक्षात आला तो आईच्या डोळ्यांमुळे. तिला काचबिंदू आहे हे उशिरा कळलं. घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, एक डोळा गेला आहे, दुसऱ्यात मधलं तेवढं उरलंय, आणि तेही राहील असं मी म्हणणार नाही. थेंब घाला, काही महिने मिळतील. कागदाची नळी करून तिच्यातून बघावं तसं दिसतं, असं आईने परत येताना रिक्षात मला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. मग म्हणाली, “मला बाळीचा फोटो काढून दे. मोठा काढ. आहे तोवर एकदा बघून घेते.”

“उद्याच देतो,” मी म्हणालो. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.

आच्छादन काढलं, बटण दाबलं आणि स्क्रीनवर मीच लावलेली पाटी आली. पासवर्ड द्या. मी आधी हसत हसत प्रयत्न केले, मग रागाने. गावाचं नाव, गिरणीचं नाव, बाबांचा हजेरीपटावरचा नंबर, आईच्या माहेरचं नाव. मी घातलेल्या नियमांत बसवून बघितलं, नियम मोडून बघितलं. जुनी कॅलेंडरं आईने कपाटात कागद म्हणून अंथरली होती. ती काढून संकष्ट्यांच्या वेळाही टाकून बघितल्या, म्हाताऱ्याने माझं ऐकलं नसेल या आशेने. त्याने माझं ऐकलं होतं. जन्मभर कोणाचंच न ऐकणारा माणूस नेमका इथे शहाण्यासारखा वागला.

“नाही उघडायचा तो,” आई मागून म्हणाली. “ह्यांनापण नाही उघडला.”

मी वळून बघितलं. तिने मग सांगितलं. नवा पासवर्ड लावला त्याच्या तिसऱ्याच दिवशी बाबा विसरले होते. पुढे कितीतरी दिवस ते दोन ते चार बसायचे आणि वेगवेगळं टाइप करून बघायचे. दार लावून बसायचे, म्हणजे ती विचारणार नाही. एकदा ती चहा घेऊन गेली तर नुसते स्क्रीनकडे बघत होते. तिने सांगितलं, “मी म्हटलं, पोराला फोन करा, तो तर ह्यातलाच आहे. तर म्हणाले, नको. तो पुन्हा अडाणी म्हणेल.” मग एके दिवशी त्यांनीच तिच्याकडे विणलेलं आच्छादन मागितलं.

“मला सांगायचं नाहीस तू?” मी आईवर ओरडलो.

“कोणाला सांगू नका म्हणून तूच बोललास ना?” ती म्हणाली. “तेच केलं आम्ही.”

मी कॉम्प्युटर उचलला आणि घाटकोपरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. स्टेशनाजवळच्या गाळ्यात हा गृहस्थ तोंडात मावा धरून बसलेला असतो, आणि अशा माणसांबद्दल मी माझ्या व्याख्यानात जे बोलायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो कोणाचा तरी लॅपटॉप उघडून बसला होता. मी पासवर्डचं म्हटल्यावर तो म्हणाला, “टेन्शन नाय साहेब, हे बघा.” त्याने त्या लॅपटॉपची डिस्क बाहेर काढली, एका वायरने आपल्या कॉम्प्युटरला जोडली, आणि पाच मिनिटांत एका अनोळखी कुटुंबाचं सगळं आयुष्य समोर आलं. साखरपुडा, मुलाची मार्कशीट, कोणाचा तरी छातीचा एक्स-रे. “ह्या मॅडमचापण पासवर्ड होता,” तो म्हणाला. “दरवाज्याला होता. मी भिंतीतून येतो ना.”

मला हे ठाऊकच होतं. घरोघरची कुलपं अशीच असतात. चोराला ती अडवत नाहीत, अडवतात फक्त विसरभोळ्या मालकाला, आणि त्यालाही पाचच मिनिटं. बाबांची संकष्टी चालू ठेवली असती तर या मावाखाऊ माणसाने मला बाळीचा फोटो हसत हसत काढून दिला असता. त्याने आमची डिस्क जोडली. जोडल्यावर तो पुढे वाकला आणि तोंडातला मावा बाहेर जाऊन थुंकून आला.

“हे कोणी केलं?”

“मी.”

“एक नंबर काम केलंत साहेब,” तो मनापासून म्हणाला. “कोणाच्या बापाला उघडणार नाय. चावी असेल तर बोला, नायतर विसरून जा.”

ती अठ्ठेचाळीस आकडी किल्ली माझ्या जुन्या ऑफिसच्या खात्यात होती. माझ्या जागेवर आता ज्या बाई आहेत, त्यांना मी फोन लावला. त्यांना मीच कामावर घेतलं होतं आणि त्या फार गरीब स्वभावाच्या आहेत असं माझं मत होतं. मी सगळं सांगितलं, आईच्या डोळ्यांचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “सॉरी सर,” त्या म्हणाल्या, “सोडून गेलेल्या माणसाचं खातं तीन महिन्यांनी पुसलं जातं. बॅकअपसकट.” मी म्हणालो, असा कसा नियम? त्या म्हणाल्या, “सर, ती पॉलिसी तुम्हीच लिहिलीय.” लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्यासारख्यांसाठीच पूर्वजांनी ही म्हण करून ठेवली असणार.

दर रविवारी आई विचारायची, “झालं का रे?” मी सांगायचो, होतंय, दुकानात दिलाय, पार्ट यायचाय. तिच्या त्या कागदाच्या नळीचं तोंड आठवड्याआठवड्याने बारीक होत होतं. आता ती वाटीत आमटी किती आहे ते बोट बुडवून बघायची. आणि मी, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडण्याचे पैसे घेतले, एक लबाडी करायचं ठरवलं.

चेंबूरला मावशीकडे माझ्या लहानपणीच्या फोटोची एक प्रत होती, ती जाऊन आणली. पालथा, मान वर, मखमलीचं कापड, तोच स्टुडिओ. मावशीला काही सांगितलं नाही. अंधेरीच्या फोटोवाल्याकडून वहीच्या पानाएवढा मोठा करून घेतला. मी हिशेब केला, की त्या वयात मुलगा काय आणि मुलगी काय, आणि आईला आता दिसतंय तरी किती. तिचं समाधान झाल्याशी कारण. यात काही पाप आहे असं मला वाटलं नाही. उलट थोडं बरंही वाटलं, बऱ्याच दिवसांनी माझं डोकं चाललं होतं.

रविवारी दुपारी आई खिडकीत बसली होती. मी फोटो तिच्या हातात दिला. “उघडला एकदाचा,” मी म्हणालो.

तिने बाबांचं पेपर वाचायचं भिंग मागून घेतलं. फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि भिंग वरून खाली, डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायला लागली, तांदूळ निवडतात तसं. पहिल्यांदा कपाळ, मग डोळे, मग हनुवटी. मी आत जाऊन पाणी पिऊन आलो तरी ती बघतच होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. अखेर तिने भिंग खाली ठेवलं.

“हा तू आहेस.”

“नाही गं. बाळीच आहे. नीट बघ.”

आई चिडली की मालवणीत शिरते. “माका दिसणा नाय, म्हणान माझी अक्कल गेली काय रे?” ती म्हणाली. मग तिने बोटाने चाचपून फोटोतल्या गालावर बोट ठेवलं. तिथे एक काळा ठिपका होता. मी तो पाहिला होता, पण छपाईचा डाग समजलो होतो.

“तीट आहे ही,” आई म्हणाली. “उजव्या गालावर. बाळीला मी डाव्या गालावर लावायचे. एक दिवस चुकवली नाही, दृष्ट लागू नये म्हणून. लावून काही उपयोग झाला नाही. मग तू झालास तेव्हा मी गाल बदलला.”

मी तिच्यासमोर उभा होतो, बावन्न वर्षांचा. मला माझीच किळस आली, आणि ती लपवायला माझ्याकडे काही नव्हतं.

तिने फोटो माझ्याकडे परत दिला, अंदाजाने हात पुढे करून.

“तुझं तोंड मला पाठ आहे रे,” ती म्हणाली. “तिचंच विसरायला लागले होते, म्हणून मागितला होता.”